माझ्या हाडातली चरबी तुपाची नव्हती

रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यातला एकच शब्द मला लख्ख कळला, तो म्हणजे फॅट. बाकी सगळं डोक्यावरून गेलं. रात्री नवऱ्याने शब्द शोधून शोधून अर्थ लावला. हाडाच्या आत जी मज्जा असते, जिथे रक्त तयार होतं, तिथल्या रक्त बनवणाऱ्या पेशी फारच थोड्या उरल्या होत्या आणि त्यांच्या जागी चरबी भरली होती. मी तेव्हा ३८ वर्षांची होते आणि माझं वजन होतं ४६ किलो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरात माझ्या ताटातलं तूप बंद झालं. सासूबाईंनी अगदी मायेनेच केलं ते. "हाडापर्यंत चरबी गेलीय म्हणजे केवढी झाली असेल गं," असं म्हणून त्यांनी पोळीला लावायची तुपाची वाटीच माझ्यापासून लांब सरकवली. वन्सं फोनवरून म्हणाल्या, रोज कमाटी बागेला चार फेऱ्या मार. मी जिन्याच्या सहा पायऱ्या चढले की धापा टाकत होते. चार फेऱ्या कुठून मारणार? पण तेव्हा मलाही वाटलं की असेल, आपल्याच खाण्यात काहीतरी चुकत असेल. हा गैरसमज निघायला मला बरेच महिने लागले, आणि ज्यांच्या घरात असा एखादा रिपोर्ट येईल त्यांचा तो लवकर निघावा म्हणून हे सगळं लिहिते आहे.

त्याआधीची पाच-सहा वर्षं मी "अशक्त" होते. सगळे तोच शब्द वापरायचे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बाई डबे उघडायच्या आणि मी बाकावर डोकं टेकून झोपायचे. बडोद्याच्या मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, मी शाल घेऊन वर्गात उभी असायचे. पोरं विचारायची, "बेन, तमने ठंडी लागे छे?" भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या होत्या, आवाज जाड झाला होता, पाळी तर लेकीच्या जन्मानंतर कधी आलीच नव्हती. हिमोग्लोबिन सात-साडेसातच्या वर जाईना. लोहाच्या गोळ्या झाल्या, लोहाच्या सलाइनी झाल्या. मग एका तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी निघाल्या आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. "मज्जा तपासावी लागेल," ते म्हणाले.

मज्जेची तपासणी कशी होते हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. कमरेच्या मागे, दोन्ही बाजूंना जिथे खळी पडते, तिथे कातडीच्या अगदी खाली हाड असतं. मला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. भूल दिली, ती कातडीला आणि हाडाच्या वरच्या पापुद्र्याला लागते. हाडाच्या आत मात्र भूल पोचत नाही. सुई आत जाताना नुसता दाब जाणवतो, कोणीतरी अंगठ्याने जोर लावून गिरमिट फिरवतंय तसा. खरी कळ पुढे येते, सिरिंजने मज्जा वर ओढतात तेव्हा. ती कमरेतून मांडीत आणि मांडीतून पोटरीत जाते. मी दहा आकडे मोजले असतील, तेवढ्यात ती संपली. मग त्याच जागेतून जाड सुईने हाडाचा एक बारीक तुकडा काढला, पेन्सिलीतल्या शिशासारखा, नखाएवढा लांब. टेक्निशियन मुलगी काचेच्या पट्ट्यांवर थेंब पसरत होती. मान वळवून मी बघितलं, तर त्या लालसर पातळ थरात तेलाचे बारीक ठिपके चमकत होते. आमटीवर तवंग येतो ना, तसे. ती काही बोलली नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

हाडाच्या तुकड्यातला चुना काढून तो कापायला मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून रिपोर्टला आठवडा गेला. त्या आठवड्यात आमच्या घरात "अप्लास्टिक" हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. मज्जा सुकून जाण्याचा तो आजार. मज्जा बदलायची झाली तर भावाची जुळेल का, मुंबईला जावं लागेल का, इथपर्यंत बोलणी गेली होती.

नंतर एकदा डॉक्टरांनी तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो त्याचा फोटो मला दाखवला. तुकडा तयार करताना ज्या रसायनांतून तो काढतात त्यात चरबी विरघळून जाते, त्यामुळे चरबीची पेशी असते तिथे नुसतं पांढरं गोल भोक दिसतं. माझी मज्जा म्हणजे दिवाळीतल्या अनारशाची जाळी होती. भोकंच भोकं, आणि त्यांच्या मधल्या बारीक काठांवर चार-दोन जांभळे ठिपके. ते ठिपके म्हणजे माझं रक्त बनवणाऱ्या पेशी. शंभरातून वय वजा केलं की साधारण तेवढे टक्के मज्जा पेशींनी भरलेली असावी, असा ठोकताळा डॉक्टर लावतात. माझी ६० टक्क्यांच्या आसपास हवी होती. ती १५ टक्के होती.

मुंबईला जाण्याआधी एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं म्हणून आम्ही इथल्याच एका हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर, गुजराती, फार कमी बोलणारे. त्यांनी फाइल चाळली, माझ्या भुवयांकडे बघितलं, तळहात उलटापालटा करून बघितले आणि एकच प्रश्न विचारला.

"बेन, डिलिव्हरी पछी दूध आव्युं हतुं?"

नाही आलं. एक थेंबही नाही. सासूबाईंनी अळिवाची खीर केली, शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले. शेजारच्या काकूंनी मेथीचे लाडू आणले. लेक वरच्या दुधावर वाढली, आणि मी नऊ वर्षं हे मनात घेऊन राहिले की आई म्हणून आपण कुठेतरी कमी पडलो. बाळंतपणात माझं रक्त खूप गेलं होतं. चार बाटल्या रक्त चढवलं होतं आणि दोन दिवस मी शुद्धीत नव्हते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमची मज्जा आजारी नाही," ते म्हणाले. "मज्जेला हुकूम देणारी ग्रंथी गेली आहे."

मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, डॉक्टर तिला पिट्यूटरी म्हणतात. गरोदरपणात ती बरीच फुगते आणि तिला रक्त जास्त लागतं. नेमकं तेव्हाच बाळंतिणीचं रक्त भरमसाट गेलं आणि रक्तदाब कोसळला, तर ती ग्रंथी रक्तावाचून मरू शकते. हॅरल्ड शीहान नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९३७ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. माझ्या एमआरआयमध्ये ग्रंथी बसते ती हाडाची खोबण जवळजवळ रिकामी होती. सकाळचं कॉर्टिसॉल तळाला, थायरॉइडचं टी-४ कमी, दूध आणणारं प्रोलॅक्टिन कमी, पाळीची दोन्ही हार्मोन्स कमी. आणि वाढीचं हार्मोन, म्हणजे ग्रोथ हार्मोन, ज्याच्यावरून मोजतात ते आयजीएफ-१ तर फारच खाली. थायरॉइडची तपासणी माझी आधी तीनदा झाली होती, पण प्रत्येक वेळी फक्त टीएसएच, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणारं हार्मोन, बघितलं गेलं. टीएसएच पिट्यूटरीतूनच येतं, त्यामुळे ग्रंथी गेलेली असताना त्याचा आकडा फसवा असतो. तो "नॉर्मल" यायचा आणि आम्ही निर्धास्त घरी यायचो.

उपचारांतही क्रम असतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा भरणारं स्टिरॉइड, आणि त्यानंतरच थायरॉइडची गोळी. उलट झालं तर जिवावर बेततं. पहिल्या गोळीनंतर चौथ्या दिवशी मला सकाळी भूक लागली. खरी, पोटात कावळे ओरडणारी भूक. नवऱ्याला मी महाराष्ट्र मंडळाजवळच्या गाडीवरून शेव-उसळ आणायला लावली आणि दोन बश्या खाल्ल्या. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. पाच महिन्यांत हिमोग्लोबिन सातावरून अकराच्या पुढे गेलं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आपापल्या जागी आल्या. मुंबईचा विषय मागे पडला.

तरी माझ्या मनातला प्रश्न जात नव्हता. ती चरबी आत आली कुठून?

आमच्याकडे रविवारी मटण होतं. नळी माझ्या लेकीची, हा घरातला कायदा आहे. ती ताटावर नळी आपटते आणि आतून पिवळट, लोण्यासारखा गर सुळकन बाहेर येतो. डॉक्टरांनी मला तिथूनच समजावलं. "नळीत जे दिसतं ती पिवळी मज्जा. बरगडी किंवा मणका फोडला तर लाल दिसेल. माणूस जन्मतो तेव्हा त्याची जवळजवळ सगळी मज्जा लाल असते. मग हातापायांच्या बोटांपासून ती पिवळी व्हायला लागते आणि हळूहळू धडाकडे सरकते. पंचविशीपर्यंत हातापायांची हाडं बहुतेक पिवळी होतात. मणके, कंबर, बरगड्या, छातीचं हाड इथे लाल मज्जा उरते, आणि तिच्यातही चरबी असतेच. निरोगी माणसातही." म्हणजे मज्जेतली चरबी हा मुळात रोगच नाही. ती शरीराचाच भाग आहे. प्रश्न तिच्या प्रमाणाचा आणि जागेचा.

आणि तुपाचं? त्यांनी सांगितलेली एक गोष्ट ऐकून मी खुर्चीत ताठ बसले. ज्या मुली वजनाच्या भीतीने जेवणच सोडतात, हाडाचा सापळा होतात, त्यांच्या पोटावरची, मांडीवरची चरबी संपून जाते, आणि मज्जेतली चरबी मात्र वाढलेली असते. उपाशी माणसाच्या हाडात चरबी वाढते! पोटावरची चरबी आणि हाडातली चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोघींचे हुकूम वेगळे आहेत. घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच काही म्हटलं नाही. रात्री माझ्या पोळीवर मात्र तूप होतं.

ग्रोथ हार्मोनचा मुद्दा इथेच आला. नावामुळे आपल्याला वाटतं की हे पोरांची उंची वाढवणारं हार्मोन, मोठ्यांना काय करायचंय? पण ते मोठेपणीही जन्मभर स्रवतं, थांबून थांबून, सगळ्यांत जास्त रात्रीच्या गाढ झोपेत, आणि वय वाढेल तसं कमी होत जातं. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे मला एक चित्र काढून दिलं. मज्जेत एक मूळ पेशी असते. तिच्यातून हाड बांधणारी पेशीही होऊ शकते आणि चरबीची पेशीही. पुस्तकात हे बहुतेक वेळा तराजूसारखं दाखवतात: हाडाचं पारडं खाली गेलं की चरबीचं वर.

"पण ते तितकं सरळ नाही," असं म्हणून त्यांनी २०१० साली छापून आलेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. उंदरांची पिट्यूटरी काढून टाकली. त्यांची वाढ थांबली, नवीन हाड बनणं मंदावलं, आणि उंदीर एवढेसे राहिले तरी मज्जेत चरबी भरली. मग वेगवेगळ्या गटांना एकेक हार्मोन परत दिलं. थायरॉइडचं दिलं, चरबी तशीच. कॉर्टिसोन दिलं, तशीच. स्त्रीचं हार्मोन इस्ट्रोजेन, तशीच. ग्रोथ हार्मोनचा हस्तक समजलं जाणारं आयजीएफ-१ दिलं, तरीही तशीच. ग्रोथ हार्मोन दिलं तेव्हाच चरबी पूर्ववत झाली.

ही यादी ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण थायरॉइड, कॉर्टिसोन, इस्ट्रोजेन ही माझीच औषधांची यादी होती.

त्या प्रयोगातली तराजू मोडणारी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन दिलं तेव्हा हाड बांधण्याचं काम पुन्हा सुरू झालं, पण चरबी हलली नाही. म्हणजे हाड वाढलं की चरबी आपोआप हटते असं नाही. ती दोन स्वतंत्र कामं आहेत, आणि ग्रोथ हार्मोन दोन्हीकडे हात घालतं. गंमत अशी की ग्रोथ हार्मोनमुळे हाडाच्या आणि चरबीच्या, दोन्ही प्रकारच्या पूर्वपेशींची संख्या वाढते. पुढे हाडाच्या पेशींना ते "मोठ्या व्हा" म्हणतं, आणि मज्जेत तेल साठण्याला आवर घालतं. ज्या उंदरांच्या फक्त रक्तातलं आयजीएफ-१ कमी होतं, त्यांच्या मज्जेत चरबी वाढलीही नव्हती. हे मी तीनदा विचारून घेतलं. मी शिक्षिका आहे, नीट समजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"पण तुम्ही उंदीर नाही," असं त्यांनी लगेच बजावलंही. माझं रक्त ग्रोथ हार्मोन न घेताच सुधारलं होतं. रक्ताच्या पेशी परतल्या म्हणजे त्यांच्या जागेवरची काही चरबी हटली असणारच. आता रक्त चांगलं असताना पुन्हा कमरेत सुई घालून बघण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं. मज्जेतली चरबी एमआरआयच्या एका खास पद्धतीने मोजता येते, पण ती संशोधनापुरती, माझं औषध त्यावरून ठरणार नव्हतं. ठरणार होतं ते हाडांच्या घनतेवरून, थकव्यावरून आणि आयजीएफ-१ वरून. माझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली, त्यात मणक्याची घनता पासष्टीच्या बाईसारखी निघाली. तेव्हा आम्ही ग्रोथ हार्मोन घ्यायचं ठरवलं.

ठरवताना नवऱ्याची भीती वेगळीच होती. हे हार्मोन काढतात कुठून? पूर्वी खरोखरच मेलेल्या माणसांच्या पिट्यूटरीतून काढायचे, आणि त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाला, म्हणून १९८५ साली अमेरिकेत ते बंद झालं. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं हार्मोन तिथे बाजारात आलं, आता तसंच मिळतं. खर्च मात्र डोंगराएवढा. आमच्या घराच्या हप्त्याएवढा महिन्याला जातो. लेकीच्या नावाची एक ठेव मोडली. हे लिहिताना अजूनही घशात अडकतं.

नोव्हेंबर २०२३ पासून रोज रात्री इंजेक्शनचं पेन काढते. फ्रिजच्या दारात नाही, मधल्या फळीवर, कोथिंबिरीच्या डब्यामागे ते राहतं, २ ते ८ अंशांत. गोठलं तर वाया जातं. एक दिवस पोटावर, एक दिवस मांडीवर. सुरुवात ०.२ मिलिग्रॅमने. सुई टोचून बटण दाबलं की दहा आकडे मोजून मगच सुई काढायची. ते आकडे लेक मोजते, गुजरातीतून.

दुसऱ्या महिन्यात बोटं सुजली. अंगठी निघेना, सकाळी हाताला मुंग्या यायच्या. मात्रा कमी केली, आठ दिवसांत उतरलं, मग हळूहळू पुन्हा वाढवली. एक हार्मोन हललं की बाकीचीही हलतात, हे मी तेव्हा शिकले. थायरॉइडची गोळी थोडी वाढवावी लागली. इस्ट्रोजेन गोळीऐवजी कातडीवर लावायच्या जेलमधून घ्यायला सांगितलं, कारण तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतात ग्रोथ हार्मोनच्या आड येतं. हायड्रोकॉर्टिसोनवर डॉक्टर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम, उगाच जास्त नाही. स्टिरॉइड जास्त झालं तर तेच मूळ पेशीला चरबीच्या वाटेला लावतं.

माझं इंजेक्शन बघून पुतण्या एकदा म्हणाला, "काकू, आमच्या जिममध्ये पोरं हेच घेतात." मी त्याला समोर बसवून सांगितलं. ज्याची ग्रंथी धड आहे त्याने हे घेतलं तर रक्तातली साखर चढते, सांधे सुजतात, हात बधिर होतात. मला ते मिळतंय कारण माझ्याकडे ते नाहीच. पुतण्या गप्प बसला. ऐकलं असेल अशी आशा आहे.

वर्षाने डेक्सा केली तर घनता वाढलेली नव्हती, उलट किंचित कमी. मी डॉक्टरांसमोर रडले. ते म्हणाले, हे अपेक्षितच आहे. हार्मोन मिळालं की हाड आधी जुनं बांधकाम पाडायला घेतं आणि मग नवं चढवतं. फायदा दिसायला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं, आणि आकड्यांकडे रोज न बघणं.

कमाटी बागेच्या चार फेऱ्या आता होतात, वन्संनी सांगितल्या होत्या त्याच. संध्याकाळी शाळेतून येताना पुलाकडच्या फाटकातून आत शिरते आणि छोट्या आगगाडीच्या रुळांच्या कडेकडेने जाते. शाल कपाटात आहे. दोन वर्षांनंतरच्या डेक्सात मणक्याचा आकडा पहिल्यांदा वर सरकला, थोडाच. मात्रा तीच ठेवली आहे, पुढची तारीख सहा महिन्यांनी.